फोटोकॅटॅलिस्टमधले इलेक्ट्रॉन आणि होल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी एम.एस्सी.च्या मुलांना प्रोजेक्टमध्ये मदत करतो. त्यामुळे फोटोकॅटॅलिस्टबद्दल, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांबद्दल, फोनवर प्रश्न येत राहतात. निम्मे मुलांचे, काही रंगकाम करणाऱ्यांचे, तर काही सोसायटीतल्या जिज्ञासू काकांचे. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. वेळ नसेल तर सहावं आणि बारावं उत्तर तेवढं वाचा.

१. फोटोकॅटॅलिस्टवर प्रकाश पडला की नेमकं काय होतं?

फोटोकॅटॅलिस्ट बहुधा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) असतो. त्यात इलेक्ट्रॉनांना राहायला दोन मजले असतात, असं समजा. खालचा जवळजवळ पूर्ण भरलेला, म्हणजे व्हॅलन्स बँड. वरचा जवळजवळ रिकामा, म्हणजे कंडक्शन बँड. मधल्या जागेत कुणाला राहता येत नाही. ही जागा म्हणजे बँड गॅप. फोटॉनची ऊर्जा या गॅपपेक्षा जास्त असेल तर खालचा एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली एक जागा रिकामी होते. ती रिकामी जागा म्हणजे होल. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोचला तर कुणाला तरी इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, म्हणजे क्षपण करतो. होल पोचला तर कुणाचा तरी इलेक्ट्रॉन हिसकावतो, म्हणजे ऑक्सिडीकरण करतो.

प्रकाशाचं काम एवढ्यावर संपतं. पुढची सगळी भानगड या दोन चार्जांची आहे.

२. होल खरंच काही असतं, की ती नुसती इलेक्ट्रॉनची गैरहजेरी?

गैरहजेरीच. पण ही गैरहजेरी फिरते. ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळ्याला खिडकीजवळचा माणूस उठतो. शेजारचा खिडकीकडे सरकतो, त्याच्या शेजारचा त्याच्या जागी येतो आणि चौथ्या सीटवर अर्धा लटकलेला माणूस शेवटी नीट बसतो. सगळे खिडकीकडे सरकले, पण रिकामी जागा मात्र खिडकीकडून पॅसेजकडे आली. त्या दिशेने एकही माणूस गेला नाही. होल असाच चालतो. प्रत्येक सरकणाऱ्याचा हिशेब ठेवण्यापेक्षा त्या एका रिकाम्या जागेला धन चार्ज, वस्तुमान आणि वेग देऊन गणित करणं सोपं पडतं.

३. बँड गॅप जितका लहान तितकं चांगलं ना? मग सगळे टायटॅनियाच का वापरतात?

१२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या गॅपने भागा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश चालेल ते नॅनोमीटरमध्ये मिळतं. टायटॅनिया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या अ‍ॅनाटेज रूपाचा गॅप ३.२, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर. रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपाचा ३.०, म्हणजे ४१३. दोन्ही आकडे अल्ट्राव्हायोलेटमध्ये किंवा त्याच्या उंबरठ्यावर, आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अल्ट्राव्हायोलेटचा वाटा चार-पाच टक्केच. म्हणून लहान गॅपचा मोह पडतो.

पण गॅप लहान केला की चार्जांची ताकदही कमी होते. होल तितका खाली राहत नाही किंवा इलेक्ट्रॉन तितका वर राहत नाही. शिवाय प्रत्येक पदार्थाची आपली एक खोड असते. कॅडमियम सल्फाइडचा गॅप २.४, हिरव्यापर्यंतचा प्रकाश घेतं, पण त्याचे होल पाण्याऐवजी त्याच्याच सल्फाइडवर तुटून पडतात आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. हेमेटाइट, म्हणजे गेटवरच्या गंजाचा सख्खा भाऊ, स्वस्त आणि टिकाऊ, गॅप २.१. पण त्याच्यातला होल मरण्यापूर्वी जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर चालतो आणि प्रकाश त्याच्या कितीतरी पट खोल शिरतो. खोलवर जन्मलेले होल तिथेच संपतात.

टायटॅनिया स्वस्त आहे, पाण्यात विरघळत नाही, स्वतःला खात नाही आणि त्याचा होल अतिशय जोरकस आहे. प्रकाशाच्या बाबतीत तो चोखंदळ आहे, एवढीच तक्रार.

४. इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येतात म्हणे. किती वेळात?

याला रिकॉम्बिनेशन म्हणतात. बहुतेक जोड्यांचा शेवट हाच असतो. मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, क्वचित प्रकाश होऊन. वेळ एकच नसते: काही जोड्या पिकोसेकंदांत (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) संपतात, काही नॅनोसेकंदांत, तर थोड्या मायक्रोसेकंद आणि त्याहून जास्त तगतात. जोडी जन्माला यायला मात्र काही फेम्टोसेकंदच (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) लागतात.

आता कणाच्या आकाराचा हिशेब करा. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या टायटॅनियाच्या कणात आतला चार्ज भरकटत पृष्ठभागावर यायला सरासरी दहाएक पिकोसेकंद लागतात. वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून मायक्रॉनभर जाडीच्या कणात आतल्या चार्जांना आशा कमी. पण कण फार बारीक केला तर दोन्ही चार्ज एकाच इवल्याशा पृष्ठभागावर येऊन आदळतात आणि तिथेच भेटतात. ‘नॅनो म्हणजे चांगलं’ हे समीकरण म्हणून अर्धंच खरं आहे.

५. ट्रॅप चांगले की वाईट?

दोन्ही. ट्रॅप म्हणजे चार्ज अडकून बसेल अशी जागा: एखादा गहाळ ऑक्सिजन, पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल गट, स्फटिकातली चूक. पृष्ठभागाजवळच्या उथळ ट्रॅपमध्ये इलेक्ट्रॉन बसला तर तो होलपासून दूर राहतो, जास्त जगतो आणि वेळ आली की कामाला निघू शकतो. खोल ट्रॅपमध्ये बसला तर त्याच्यात काही घडवून आणण्याइतकी ऊर्जाच उरत नाही; तिथे बसून तो होलची वाट बघतो, बस.

अडकलेला इलेक्ट्रॉन डोळ्यांनी बघता येतो. मुलांना मी आधी हा प्रयोग दाखवतो. टायटॅनियाचा पारदर्शक सॉल (अतिबारीक कण तरंगणारं द्रव) घ्या, त्यात थोडं अल्कोहोल घाला, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलून द्या आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवा. होल अल्कोहोलवर खर्च होतात, इलेक्ट्रॉनांना जायला जागा नसते, ते टायटॅनियमवर बसून राहतात आणि सॉल निळा होतो. बूच काढून हवा आत सोडली की निळा रंग बघता बघता जातो. तो का जातो, हे पुढच्या उत्तरात.

६. ऑक्सिडेशन तर होल करतो. मग ऑक्सिजन कशाला सोडायचा?

इलेक्ट्रॉनसाठी. सॉलचा निळा रंगही म्हणूनच गेला: हवेतल्या ऑक्सिजनने अडकलेले इलेक्ट्रॉन नेले. सगळ्यांचं लक्ष होलकडे असतं, कारण घाण तो जाळतो. इलेक्ट्रॉन कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. पण कणाचा हिशेब जुळलाच पाहिजे: जितके होल बाहेर खर्च होतील तितके इलेक्ट्रॉनही बाहेर गेले पाहिजेत. नाही गेले तर इलेक्ट्रॉन साठत जातात आणि पुढचा होल जन्मला रे जन्मला की त्याला गाठतात.

टायटॅनियावर होलचं काम तुलनेने झटपट होतं, रेणू पृष्ठभागाला चिकटलेला असेल तर नॅनोसेकंदांत. इलेक्ट्रॉनला ऑक्सिजनच्या रेणूवर जायला मात्र मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात. म्हणजे सगळी गाडी मागच्या डब्यामुळे अडलेली. हाइन्झ गेरिशर आणि अ‍ॅडम हेलर यांनी १९९१ मध्ये हेच मांडलं होतं, की वेग ठरवणारी पायरी ऑक्सिजनच्या क्षपणाची असू शकते. तरी आजही प्रोजेक्टच्या अहवालांत होलवर चार पानं आणि ऑक्सिजनवर एक ओळ असते.

यात एक गोम आहे. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला द्यायचा, तर तो पुरेसा वरच्या पातळीवर हवा. ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड (एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन) करायला उणे ०.३३ व्होल्टच्या आसपासची पातळी लागते; या पट्टीवर उणे म्हणजे वर, धन म्हणजे खाली. उदासीन पाण्यात टायटॅनियाचा इलेक्ट्रॉन उणे ०.५ च्या जवळ असतो, म्हणजे जेमतेम पुरतो. टंगस्टन ऑक्साइडचा गॅप २.७-२.८, दृश्य प्रकाश घेतो, होलही जबरदस्त. पण त्याचा इलेक्ट्रॉन शून्याच्या खाली, धन बाजूला. तो सुपरऑक्साइड करूच शकत नाही, म्हणून नुसता टंगस्टन ऑक्साइड लंगडा पडतो. त्यावर थोडं प्लॅटिनम लावलं की दोन इलेक्ट्रॉन एकदम घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड करण्याचा सोपा रस्ता उघडतो आणि तोच पदार्थ पळायला लागतो. दोष होलचा नव्हताच.

७. प्लॅटिनम महाग म्हणून थोडंसं लावतात का?

महाग आहेच, पण फुकट मिळालं तरी थोडंच लावावं लागेल. प्लॅटिनमचा ठिपका इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ऑक्सिजन किंवा प्रोटॉनकडे पोचवतो. ठिपके वाढले की ते प्रकाश अडवतात, पृष्ठभाग झाकतात आणि होललाही ओढू लागतात. म्हणजे ठिपकाच भेटीची जागा होतो. वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. होलसाठी कोबाल्ट किंवा रुथेनियमचे ऑक्साइड लावतात.

८. पी-२५ मध्ये असं काय आहे? दोन फेज असल्याने चार्ज वेगळे होतात ना?

पी-२५ ही टायटॅनियाची एक तयार पूड, म्हणजे अ‍ॅनाटेज आणि रुटाइल यांची साधारण ८०:२० मिसळ. कण २० नॅनोमीटरच्या आसपास, पृष्ठभाग ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर. दोन फेज (स्फटिकरूपं) जिथे चिकटतात तिथे इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि होल दुसऱ्या बाजूला जातात, हे बरोबर. पण कोण कुठे? रुटाइलचा गॅप लहान, म्हणून इलेक्ट्रॉन रुटाइलमध्ये उतरतो, असं अनेक वर्षं लिहिलं जात होतं. नंतरच्या स्पिन-मापनांनी (इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरून तो कुठे बसलाय ते ओळखण्याची पद्धत) आणि २०१३ मध्ये आलेल्या पातळ्यांच्या मोजणीने उलट चित्र दाखवलं: इलेक्ट्रॉन अ‍ॅनाटेजकडे, होल रुटाइलकडे. जुन्या आकृत्या अजून कॉपी होत फिरतात. तुमच्या प्रबंधात आकृती टाकण्याआधी बाण कुठे दाखवताय ते बघा.

फेज एकच असली तरी स्फटिकाच्या वेगवेगळ्या पैलूंवर चार्ज वेगवेगळे जाऊ शकतात. बिस्मथ व्हॅनाडेटवर हे फार सुरेख दिसतं. एका प्रकारच्या पैलूंवर इलेक्ट्रॉन धातू जमवतात, तर दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर होल ऑक्साइड.

९. डोपिंग केलं, पूड छान पिवळी झाली, पण काम कमी झालं. का?

डोपिंग म्हणजे स्फटिकात थोडं परकं मूलद्रव्य घालणं. पिवळेपणा म्हणजे प्रकाश शोषला गेला, एवढंच. नायट्रोजन घातलेल्या टायटॅनियाने २००१ मध्ये दृश्य प्रकाशात काम दाखवलं आणि तेव्हापासून आवर्तसारणीतलं जवळजवळ प्रत्येक मूलद्रव्य घालून झालंय. पण नायट्रोजनने तयार होणाऱ्या पातळ्या व्हॅलन्स बँडच्या थोड्या वर आणि सुट्या सुट्या असतात. तिथला होल कमजोर असतो आणि फारसा चालत नाही. धातू घातला तर त्याची पातळी गॅपच्या मधोमध येऊ शकते, आणि ती रिकॉम्बिनेशनची हक्काची जागा. लोहासारखे काही धातू अगदी कमी प्रमाणात उपयोगी पडतात, प्रमाण वाढवलं की घात करतात. बाकी सगळं प्रश्न ५ मधलंच.

१०. दिवा दुप्पट केला, पण वेग दुप्पट झाला नाही. दिव्यात दोष आहे का?

दिवा ठीक आहे. मंद प्रकाशात वेग प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो. प्रखर प्रकाशात तो प्रकाशाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे चौपट उजेडाला दुप्पट काम. त्याहून पुढे तो वाढतच नाही, कारण रेणूच वेळेवर येऊन पोचत नाहीत.

वर्गमूळ का येतं? रिकॉम्बिनेशनला इलेक्ट्रॉन आणि होल दोघं लागतात, म्हणून दोघांची संख्या वाढली की भेटी त्यांच्या गुणाकाराने वाढतात. एक ढोबळ हिशेब करा. दुपारच्या उन्हात २० नॅनोमीटरच्या एका कणाला सेकंदाला काही शे कामाचे फोटॉन मिळतात, म्हणजे दर काही मिलिसेकंदांनी एक जोडी. वाटतं की आधीची जोडी केव्हाच संपली असेल. पण इलेक्ट्रॉनला बाहेर पडायलाच मिलिसेकंद लागू शकतात, म्हणजे पुढचा होल येतो तेव्हा जुना इलेक्ट्रॉन दारातच उभा असू शकतो. प्रश्न ६ पुन्हा वाचा.

११. पीएलचा पीक खाली आला. रिकॉम्बिनेशन कमी झालं असं लिहू का?

लिहू नका, निदान तेवढ्यावरून तरी नको. पीएलमध्ये, म्हणजे फोटोल्युमिनेसन्सच्या मापनात, फक्त प्रकाश देऊन होणारं रिकॉम्बिनेशन दिसतं. टायटॅनियात बहुतांश जोड्या उष्णता देऊन संपतात. तुमच्या डोपिंगने उष्णतेचे नवे रस्ते उघडले तरी पीक खालीच येणार, आणि परिस्थिती बिघडलेली असणार. पीएलचा काळानुसार क्षय मोजा, ट्रान्झिएंट अ‍ॅब्सॉर्प्शनची (चार्ज किती वेळ टिकतात ते शोषणावरून बघणारी पद्धत) सोय कुठे मिळत असेल तर बघा, आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष उत्पन्न मोजा. इम्पिडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) आलेखातलं अर्धवर्तुळ लहान झालं, यावरूनही असाच घाईने निष्कर्ष काढतात.

१२. मिथिलीन ब्लूचा रंग गेला. झालं ना काम?

कदाचित. आमच्या पट्ट्यात रंगाचं सांडपाणी हा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून प्रत्येक दुसरा प्रोजेक्ट मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर असतो. पण रंग जाण्याच्या निदान पाच वाटा आहेत.

रंग पुडीला नुसता चिकटला असेल. मी स्वतः सुरुवातीला कार्बन मिसळलेल्या टायटॅनियावर मोठ्या आनंदाने आलेख काढला होता. वरिष्ठांनी पूड गाळून अल्कोहोलमध्ये हलवायला सांगितली आणि सगळा निळा रंग परत आला. म्हणून दिवा लावण्याआधी अंधारात ढवळा, रंगाची तीव्रता स्थिर होईपर्यंत.

दुसरी वाट: कॅटॅलिस्ट नसतानाही प्रकाशात रंग थोडा विटतो. पुडीशिवायची चाचणी करा.

तिसरी सगळ्यात फसवी. मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश घेतो. उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाच्या कंडक्शन बँडमध्ये टाकतो आणि स्वतः मोडतो. यात टायटॅनियात होल तयारच झालेला नसतो. ‘माझा कॅटॅलिस्ट दृश्य प्रकाशात चालतो’ असं लिहिलेल्या कितीतरी अहवालांत खरं काम रंगानेच केलेलं असतं. दुसरा रंग घेतला की जादू बदलते आणि बिनरंगी पदार्थ घेतला की नाहीशी होते.

चौथी: ऑक्सिजन कमी असेल तर इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लूवरच जातो आणि त्याचं बिनरंगी ल्युको रूप होतं. काही जळालेलं नसतं. बाटलीत हवा घालून जोरात हलवा; निळं परत आलं तर हेच झालं होतं.

पाचवी वाट खऱ्या विघटनाची, तीही पायरीपायरीने. आधी मिथिल गट सुटतात आणि शोषणाचा पीक निळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकतो. ६६४ वरचा आकडा पडला म्हणून रेणूचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड झालं असं होत नाही. एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. जमत असेल तर फिनॉलसारखा, दृश्य प्रकाश न घेणारा पदार्थ वापरा. तो विषारी आणि त्वचा जाळणारा आहे, हातमोजे घालूनच.

१३. स्कॅव्हेंजर टाकून कोणता चार्ज काम करतो ते ठरतं ना?

अंदाज येतो, निकाल लागत नाही. स्कॅव्हेंजर म्हणजे एखादा ठरावीक चार्ज किंवा रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून उतावीळ रेणू) गिळून टाकणारा पदार्थ. आयसोप्रोपॅनॉल हायड्रॉक्सिल रॅडिकलसाठी टाकतात, पण पृष्ठभागावरचे होलही ते खातं. ईडीटीए होलसाठी टाकतात, पण ते कणाला चिकटून जागाच अडवतं. बेन्झोक्विनोन सुपरऑक्साइडसाठी, पण ते इलेक्ट्रॉन थेट घेतं आणि प्रकाशही शोषतं. सिल्व्हर नायट्रेट इलेक्ट्रॉनसाठी, पण त्याची चांदी कणावर बसते आणि कॅटॅलिस्टच बदलतो. शिवाय एक चार्ज काढून घेतला की दुसऱ्याचं आयुष्य वाढतं, त्यामुळे वेग वाढला तरी चक्रावू नका.

१४. मिथेनॉल घालून क्वांटम यील्ड १०० टक्क्यांच्या वर आलं. यंत्र बिघडलं का?

शक्यता आहे, पण आधी हे बघा. क्वांटम यील्ड म्हणजे दर शंभर फोटॉनांमागे किती इलेक्ट्रॉन कामी आले तो आकडा. होल मिथेनॉलचा एक इलेक्ट्रॉन घेतो. उरलेलं रॅडिकल इतकं उतावीळ असतं की ते दुसरा इलेक्ट्रॉन आपणहून कंडक्शन बँडमध्ये टाकतं. एका फोटॉनमागे दोन इलेक्ट्रॉन! याला करंट डबलिंग म्हणतात. हा हिशेबात न घेता लावलेला आकडा फुगतो.

१५. बिल्डिंगच्या बाहेरच्या रंगाला हात लावला की पांढरी पूड लागते. हेच का ते?

बऱ्याचदा हो. पांढऱ्या रंगातलं पिगमेंट टायटॅनियाच असतं. उन्हात त्यातही जोड्या तयार होतात, पृष्ठभागावर पोचतात, हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा तयार असतोच, आणि मग रेझिन जळतं. त्याने बांधून ठेवलेली पूड सुटते. याला चॉकिंग म्हणतात. इथे आम्हाला उलटं हवं असतं: चार्जांनी आतल्या आत भेटून मरावं. म्हणून बाहेरच्या रंगात कमी चळवळ्या रुटाइलचे कण वापरतात आणि त्यांच्यावर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर देतात, म्हणजे चार्ज रेझिनपर्यंत पोचू नयेत. स्वस्तात अ‍ॅनाटेज घातलेला रंग बाहेर लावला तर ठाण्याच्या दोन उन्हाळ्यांत हिशेब कळतो. भिंत ओली असताना रंग मारला किंवा रंगात पाणी जास्त घातलं तरी पूड सुटते; त्याचं खापर टायटॅनियावर फोडू नका.

१६. ठाण्याच्या मासुंदा तलावात ही पूड टाकली तर पाणी स्वच्छ होईल का?

नाही, आणि कृपया टाकू नका. गढूळ, हिरवट पाण्यात अल्ट्राव्हायोलेट फार खोल जात नाही. पाण्यातले बायकार्बोनेट आणि सेंद्रिय द्रव्य होल आणि रॅडिकल खाऊन टाकतात, फॉस्फेट पृष्ठभाग झाकतात. होलला शेवाळ कोणतं आणि मासा कोणता हे कळत नाही. आणि टाकलेली पूड परत काढणार कशी? काचेवर किंवा जाळीवर पक्का बसवलेला कॅटॅलिस्ट, थोडं पाणी आणि भरपूर प्रकाश, अशा ठिकाणी ही पद्धत शोभते.

१७. १९७२ पासून पाण्यातून हायड्रोजन काढतायत. अजून पंपावर का नाही?

फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये रुटाइलच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. पण ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार होल जमावे लागतात, आणि तोपर्यंत चारही इलेक्ट्रॉनांनी गप्प बसायला हवं.

चार्ज सांभाळणं अशक्य नाही, हे मात्र सिद्ध झालंय. काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये अ‍ॅल्युमिनियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर इलेक्ट्रॉनच्या पैलूवर ऱ्होडियम-क्रोमियम आणि होलच्या पैलूवर कोबाल्ट बसवलं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात पडलेल्या फोटॉनांपैकी जवळजवळ ९६ टक्के कामी आले. रिकॉम्बिनेशन जवळपास बंद! तोच पदार्थ १०० चौरस मीटरच्या पॅनेलवर उन्हात ठेवला तर हायड्रोजनमध्ये उतरलेली सौर ऊर्जा जास्तीत जास्त ०.७६ टक्के, असं २०२१ मध्ये छापून आलं. दोन आकड्यांमधली दरी मुख्यतः बँड गॅपची आहे. उन्हातला बहुतेक प्रकाश त्याला दिसतच नाही. प्रश्न ३ मधली ओढाताण इथे पुन्हा भेटते.

१८. उन्हातला प्रयोग जुलैत करायचाय. चालेल?

ढगातूनही अल्ट्राव्हायोलेट येतं, पण दर दहा मिनिटांनी बदलतं. मीटर नसेल तर तुलना करता येणार नाही. दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच ट्रेमध्ये, शेजारी ठेवा, नाहीतर दिव्याखाली करा. आणि गच्चीवर ट्रे ठेवून चहाला जाऊ नका. ऐरोलीत पावसाची सर सांगून येत नाही, आणि पावसाने पातळ झालेल्या द्रावणाचा आलेख अगदी आदर्श फोटोकॅटॅलिस्टसारखा दिसतो.